एवढ्या जुन्या गोष्टीसाठी आता थेरपी? कधी जायचं ते कसं ओळखायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३६, पुण्यात आयटीत नोकरी, सहा वर्षांची मुलगी. लहानपणी वडील प्यायचे, आईला मारायचे, कधीकधी मलाही. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. आता सगळं व्यवस्थित आहे, पण गेलं वर्षभर झोप नाही, मुलगी मोठ्याने रडली की मी एकतर गोठते नाहीतर तिच्यावर ओरडते आणि मग बाथरूमचा नळ सोडून रडते. नवरा चांगला आहे पण म्हणतो झालं गेलं गंगेला मिळालं. लोकांनी काय काय सोसलंय, माझं त्यामानाने काहीच नाही. मला खरंच थेरपीची गरज आहे का मी उगाच बाऊ करतेय?

आधी उत्तर देऊन टाकते, कारण तुम्ही हे बहुतेक रात्री दोन वाजता वाचत असणार: हो, जाऊन या. बाऊ वगैरे काही नाही. आता हे कशावरून म्हणतेय ते सांगते, जरा लांबण लागेल, कारण हाच प्रश्न गेली बावीस वर्षं लोक माझ्या सदाशिव पेठेतल्या क्लिनिकचा तो अरुंद जिना चढून येतात आणि खुर्चीत टेकायच्या आत विचारतात, आणि त्यातल्या निम्म्यांचं वाक्य सेम तुमचंच असतं, "माझं त्यामानाने काहीच नाही". गंमत म्हणजे (गंमत नाहीये ती, पण तरी) ज्याचं खरंच भयंकर काहीतरी झालंय तोही हेच म्हणतो. त्यामुळे घडलेली गोष्ट केवढी मोठी होती हे माप मी कधीच सोडून दिलंय. त्याने काही कळत नाही.

मी वळसे मोजते. म्हणजे काय, तर ती जुनी गोष्ट समोर येऊ नये म्हणून माणूस आज किती लांबून जातो.

एक गृहस्थ होते, तपशील बदलून सांगतेय. नवले पुलाच्या त्या उतारावर त्यांच्या गाडीला मागून ट्रकने ठोकलं होतं, त्यांना खरचटलं फक्त, शेजारच्या गाडीतलं मात्र कोणी वाचलं नाही. हे राहायला नऱ्ह्याला, ऑफिस बाणेरला, म्हणजे बायपासने सरळ रस्ता. तर हे सिंहगड रोडने शहरात शिरून, सगळं पुणं तुडवत बाणेरला जायचे, रोज तासभर जास्त. विचारलं तर म्हणायचे बायपासला ट्रॅफिक फार असतं हो. (सिंहगड रोडला नसतं का? पण हे त्यांना कोणी विचारलं नाही, कारण पुण्यात ट्रॅफिक हे कारण कुठेही खपतं.) मग साताऱ्याला सासरवाडीला जाणं बंद झालं, कारण कात्रजचा बोगदा आणि तो उतार आलाच. मग बायकोला गाडी चालवू देईनात. मग मुलाच्या शाळेची सहल पाचगणीला जाणार म्हटल्यावर त्यालाच पाठवलं नाही. चार वर्षं हे असं चाललं होतं आणि माझ्याकडे आले ते ॲसिडिटी जात नाही म्हणून, फॅमिली डॉक्टरने सगळ्या तपासण्या करून शेवटी इकडे पाठवलं होतं. भीती वाटते हा शब्द पहिल्या तीन सेशनमध्ये त्यांच्या तोंडून आला नाही, यायचं कारणच नव्हतं, वळसा घातल्यावर भीती वाटतच नाही ना. वळसा घालायचाच त्यासाठी असतो.

आता याच्या उलट माझ्या ओळखीच्या एक आजी. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या, घर नारायण पेठेत, डोळ्यांदेखत वाडा गेला. आजही पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, भिडे पूल पाण्याखाली गेला असा मेसेज आला की आजी उठून रेशनकार्ड, बँकेची पासबुकं आणि नवऱ्याचा फोटो एका पिशवीत भरून माळ्यावर ठेवतात. राहतात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर, तिथवर मुठा यायची तर अर्धं पुणं आधी बुडायला हवं. सून हसते, आजीपण हसतात, आणि पिशवी माळ्यावरच. रात्री छान झोपतात. पुराची गोष्ट नातवंडांना रंगवून सांगतात, कुठला शेजारी कुठल्या पत्र्यावर बसला होता वगैरे, सांगताना कधी डोळे भरतात, मग डोळे पुसून पुढचं सांगतात. आजींना थेरपी लागत नाही. आठवण आहे, दुःख आहे, एक छोटीशी सवय उरलीये, पण आयुष्य तिच्याभोवती फिरत नाहीये.

म्हणजे बघा, धरण फुटणं हा आघात कोणाच्याही हिशोबाने मोठा, आणि तरी आजी ठीक आहेत. म्हणून म्हणते घटनेवरून ठरवू नका.

तुमचे वळसे तुमच्या प्रश्नातच दिसतायत. बाथरूमचा नळ सोडून रडणं हा एक. झोप नाही हा दुसरा, कारण झोपताना पहारा सोडावा लागतो. अजून चार असतील जे तुम्हाला वळसे वाटतच नसतील, म्हणून विचारते: ऑफिसमध्ये कोणी आवाज चढवला की तुम्ही लगेच सॉरी म्हणून मोकळ्या होता का, चूक तुमची नसली तरी? लग्नकार्यात कोणी प्यायलेलं दिसलं की काहीतरी निमित्त काढून निघता का? हॉटेलात दाराकडे पाठ करून बसता येतं का? हा शेवटचा प्रश्न थोडा फिल्मी वाटेल, पण माझ्या खोलीत दोन खुर्च्या आहेत आणि कोण कुठली निवडतं ते मी बावीस वर्षं बघतेय. दाराकडे तोंड असलेल्या खुर्चीच्या गादीचं कापड दोनदा बदलून झालं, दुसरीचं अजून पहिलंच आहे.

शरीराचं जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे लोक मनाचं लपवतात पण पोटाचं सांगतात. एक मुलगी यायची, तिचेही वडील प्यायचे. त्यांची बजाज स्कूटर होती आणि ती स्टँडवर कशी चढते त्या आवाजावरून हिला दुसऱ्या मजल्यावर कळायचं आज काय होणार ते. एका झटक्यात चढली तर ठीक, दोन-तीनदा घसरली तर धाकट्या भावाला उचलायचं आणि गच्चीवर. आठ वर्षांची होती तेव्हा. आता नवऱ्याचा स्वभाव असा की घरात मुंगीवर पाय पडला तरी हळहळेल, आणि तरी संध्याकाळी साडेसातला लिफ्टचं दार वाजलं की हिच्या पोटात मुरडा येतो, रोज. सोनोग्राफी नॉर्मल, एंडोस्कोपी नॉर्मल. डोक्याला माहितीये की तो नवरा आहे, पण शरीर अजून स्टँडचाच आवाज ऐकतंय. मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग आहे तो तारीख-वार बघत नाही, त्याला आवाज ओळखीचा वाटला की बास. त्यामुळे तुम्ही गोठता तेव्हा तुम्ही वाईट आई नसता, तुम्ही तेवढ्या पाच सेकंदांपुरत्या स्वतः सहा-सात वर्षांच्या असता.

आणि इथेच "आत्ताच का" याचं उत्तर आहे, जे तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असणार. लहानपणी घरातली ती मारहाण सुरू झाली त्या वेळी तुमचं वय किती होतं? बऱ्याचदा असं दिसतं की मूल त्या वयाला पोचलं की आईबापाचं जुनं उसळतं, त्याआधी वीस-पंचवीस वर्षं काहीच नसतं. कधी ज्याच्यापासून त्रास झाला तो माणूस गेल्यावर, कधी घर बदलल्यावर, कधी प्रमोशन मिळून सगळं सुरळीत झाल्यावरसुद्धा. धावपळ असते तोवर वर येत नाही, जरा श्वास घ्यायला जागा झाली की येतं. तेव्हा नवऱ्याला सांगा की गंगेला मिळालं असतं तर बरंच झालं असतं, पण हे वाटेतच कुठल्यातरी बंधाऱ्याला अडकलंय.

"माझं काहीच नाही" याबद्दल अजून एक. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे रेंगाळणारा मानसिक आजार, हे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं १९८० साली, आणि त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा वाटा होता, त्यामुळे आजही लोकांना वाटतं की बॉम्ब पडला, भूकंप झाला तरच तो आघात. पण १९९८ साली अमेरिकेतच एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हजारो मोठ्या माणसांना लहानपणाबद्दल विचारलं होतं, सात प्रकारच्या वाईट अनुभवांविषयी. त्यात घरात कोणी दारू किंवा नशेच्या आहारी होतं का हा एक होता, आईला मारहाण व्हायची का हा एक होता, तुम्हाला मारलं का हाही एक. म्हणजे सातातले तीन तुमच्या पाच ओळींच्या प्रश्नात आहेत. असे प्रकार जितके जास्त तितकं पुढे डिप्रेशन, दारू, आत्महत्येचे प्रयत्न, इतकंच काय हृदयविकाराचंही प्रमाण जास्त सापडलं. लगेच घाबरू नका, हा हजारो लोकांचा हिशोब आहे, तुमची पत्रिका नाही. पण "काहीच नाही" हे तरी आता म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत तर कॉम्प्लेक्स पीटीएसडी असं वेगळं निदानच आहे, एकदाच घडलेल्या अपघातापेक्षा वर्षानुवर्षं घरातच चाललेल्या अशा गोष्टींनंतर जास्त दिसणारं, ज्यात फ्लॅशबॅक (जुनं आत्ताच घडतंय असं वाटणं) आणि टाळाटाळीबरोबर भावना आवरत नाहीत, आपण मुळातच वाईट आहोत असं वाटत राहतं, आणि जवळच्या माणसांशी जवळ राहणं जड जातं. तुम्हाला ते आहेच असं मी इथून म्हणणार नाही, ते समोर बसूनच कळतं.

उलट बाजूही सांगायला हवी नाहीतर मी दुकान चालवायला लिहितेय असं वाटेल. ट्रॉमा हा शब्द आता मिसळीच्या सॅम्पलसारखा झालाय, मागाल तेवढा मिळतो. बॉसने सगळ्यांसमोर झापलं हा ट्रॉमा, ब्रेकअप हा ट्रॉमा, इंजिनिअरिंगची व्हायवा हा ट्रॉमा. वाईट वाटलं, अपमान झाला, आठवलं की अजून झोंबतं, एवढ्याने थेरपीची गरज आहे असं होत नाही. आणि एखादी गोष्ट ताजी असेल तर बहुतेकांना थांबायलाच सांगते मी. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, त्याच आठवड्यात आईबापांचे फोन, मुलं रात्री दचकून उठतायत, घेऊन येऊ का म्हणून. मी म्हटलं मुलांना शाळेत पाठवा, रोजचं जेवण रोजच्या वेळी, बोलली तर ऐका, नाही बोलली तर खोदून विचारू नका, आणि महिन्याने मला फोन करा. बऱ्याच जणांचा आलाच नाही. पहिले काही आठवडे दचकणं, तेच तेच दिसणं हे मनाचं नेहमीचं काम आहे आणि बहुतेकांचं ते आपोआप ओसरतं, त्या काळात जबरदस्तीने सगळं बोलायला लावलं तर फायदा होत नाही, उलट त्रास होऊ शकतो. महिना उलटला, तरी कमी होत नाहीये किंवा वाढतच चाललंय, तर मात्र यायचं. तुमचं महिन्याचं नाही, वर्षभराचं आहे.

काही बाबतीत वाट बघायचीच नाही. मरून जावंसं वाटतंय, स्वतःला इजा करावीशी वाटते, झोप लागावी म्हणून रोज पेग लागतो किंवा मैत्रिणीच्या गोळ्या लागतात, मधले तासच गायब होतात म्हणजे गाडी चालवत कुठे आलो तेच आठवत नाही, मुलावर हात उठायला लागलाय. यातलं काहीही असेल तर पुढच्या महिन्यात बघू नाही, आजच. टेलिमानस १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. आणि मारहाण जुनी नसून आत्ता घरात चालू असेल तर आधी सुरक्षितता, १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन, २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. आग लागलेली असताना जळालेल्या जुन्या भिंतीला रंग देत बसण्यात अर्थ नसतो.

आता जायचं कोणाकडे. काउन्सेलर ही पाटी आपल्याकडे कोणीही लावू शकतं, वीकेंड कोर्स केलेलेसुद्धा, त्यामुळे न लाजता विचारा शिक्षण काय. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन असायला हवं. आणि थेट विचारा, ट्रॉमासाठी तुम्ही कोणती पद्धत वापरता? ट्रॉमावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी), ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर काम करायची पद्धत) असं काहीतरी ठोस उत्तर यायला हवं. "आपण बोलू, मोकळं व्हाल" एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. एकाच घटनेचा त्रास असेल तर साधारण ८ ते १२ सेशनमध्ये बराच फरक पडतो, लहानपणापासूनचं असेल तर जास्त वेळ लागतो, सहा महिने, वर्षसुद्धा. गोळ्या लागतील का ते सायकॅट्रिस्ट ठरवेल, सगळ्यांना लागत नाहीत. खाजगीत सेशनला हजार-दोन हजार सहज जातात, ते झेपत नसेल तर ससूनला मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, गर्दी असते, डबा घेऊन जा. हो, आणि त्याआधी एकदा फॅमिली डॉक्टरकडून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घ्या, झोप नसण्याचं आणि चिडचिडीचं खापर सगळंच वडिलांवर फोडायला नको.

बाहेर काही कळेल ही भीती असेल तर, २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. अपवाद आहेत, म्हणजे जिवाला धोका असेल तर, किंवा आज एखाद्या अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली कळवावंच लागतं. पहिल्याच दिवशी विचारा, तुम्ही काय काय कोणाला सांगू शकता. चांगला थेरपिस्ट या प्रश्नाने चिडत नाही.

सगळ्यात मोठी भीती बहुतेकांना ही असते की गेल्या गेल्या सगळं उकरून काढतील. उगाच नाहीये ती भीती, मी स्वतः हे केलंय. प्रॅक्टिस नवीन होती, एका मुलीला दुसऱ्याच सेशनला म्हटलं पहिल्यापासून सांग, ती सांगत गेली, दीड तास, मला वाटलं काय सुंदर सेशन झालं. ती परत आली नाही. काही महिन्यांनी कळलं की त्यानंतर आठवडाभर ती झोपली नव्हती आणि ऑफिसलाही गेली नव्हती. मी आधी तिला सावरायला काही शिकवलंच नव्हतं आणि थेट विहिरीत उतरवलं होतं. आता पहिले काही आठवडे आम्ही फक्त काठावर काम करतो: शरीर गोठायला लागलं की ते ओळखायचं कसं, पाय जमिनीला टेकवून खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घेत परत यायचं कसं, झोपेचं काय करायचं. खोलात जायचं तर तुम्ही तयार असाल तेव्हा, तुमच्या वेगाने. "आज नको" हे वाक्य तिथे चालतं. कोणी पहिल्याच दिवशी सगळं खोदायला लागलं तर सरळ म्हणा, आज नको.

एक सावधगिरी मात्र. तिसऱ्या-चौथ्या सेशनच्या आसपास माणसं गळतात, आणि कारण काय तर पार्किंग मिळालं नाही. आता पेठेत पार्किंग मिळत नाही हे मी नाकारणारच नाही, मला स्वतःला मिळत नाही. पण पहिल्या तीन वेळा मिळालं आणि नेमकं जिथून खरं बोलणं सुरू होणार त्या दिवशी गाडी तीन चकरा मारून परत कोथरूडला, असं झालं तर समजा की हाही वळसाच आहे. रिक्षाने या, पण या.

फोन करताना सगळी कहाणी सांगायची नाही, "लहानपणीच्या घरातल्या त्रासाबद्दल बोलायचंय, झोप लागत नाही" एवढं बास. वेळ शक्यतो सकाळची घ्या आणि नंतर लगेच हिंजवडीची मीटिंग ठेवू नका, सेशन झाल्यावर तासभर डोकं जड असतं, खाली उतरून कुठेतरी चहा घ्या, निवांत बसा. त्या दिवशी मुलीला शाळेतून आणायचं काम नवऱ्याला सांगा. तुमचं लहानपण त्याला पूर्ण समजायची वाट बघायला नको त्यासाठी, शाळा किती वाजता सुटते एवढं कळलं की झालं.